मामाने निवडलेली लाल गाडी

मला सूड घ्यायचा होता आणि मी तो घेतला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला समजूतदारपणा शिकवायला नको. ज्यांना भावाबहिणीच्या मायेची गोष्ट ऐकायची असेल त्यांनी शेजारच्या ठेल्यावर जावं. तिथल्या बाईचा भाऊ दर नौरोजला तिला मिठाई पाठवतो. माझा भाऊ सेइलखान जुन्या गाड्या विकतो.

मी बिबिगुल. अल्माटीच्या बाजारात घोड्याचं मांस विकते, आणि माझी काझी घ्यायला लोक दुसऱ्या टोकाहून येतात. काझी म्हणजे बरगडीचं मांस आतड्यात ठासून भरायचं, मीठ-लसूण लावून. कुणी आत भलतंसलतं कोंबलं असेल तर मी नुसती हातात तोलून सांगते. नवरा एर्दोस पश्चिमेला तेलाच्या विहिरींवर कामाला, महिना तिकडे आणि महिना घरी. आणि मुलगी उल्झान, एकोणीस वर्षांची, जनावरांची डॉक्टर व्हायला शिकते. तिला पहाटे उझिनागाशच्या पलीकडे गोठ्यांवर जावं लागायचं. तिकडे बस जाते म्हणतात, मी तरी कधी वेळेवर बघितली नाही. पोरगी हिवाळाभर रस्त्यावर उभी राहून गारठली, तेव्हा मी ठरवलं की हिला गाडी घ्यायची. जुनी, परवडणारी, पण धड.

शहराबाहेरच्या गाड्यांच्या बाजारात आम्ही रविवारी सकाळीच गेलो. मैदानभर गाड्या, काचांवर चिठ्ठ्या, आणि मालक सूर्यफुलाच्या बिया फोडत बसलेले.

"कशी हवी तुला?" मी विचारलं.

"हसरी," उल्झान म्हणाली.

"गाडी घ्यायचीय का नवरा?"

"आई, रोज अंधारात उठून मला तिचंच तोंड बघायचंय. रडक्या तोंडाची नको."

मग ती हुंदडायला लागली. एक पिवळी निवा होती, रशियन, चौकोनी. मालकानं तिला मैदानात एक फेरी मारू दिली, तर परत आली ती हसून हसून बेजार. "बकरीसारखी उड्या मारते गं," म्हणाली. मी दार उघडून आत बसले तर माझे गुडघे हनुवटीला लागले आणि हीटर नुसताच घुरघुरत होता. म्हटलं, ही बकरी हिवाळ्यात तुझ्याआधी गारठून मरेल. मग एक जुनी जर्मन गाडी. मालक शपथेवर सांगत होता की इंजिन अजून नातवंडांना पुरेल. बाकी सगळं मात्र त्याच्या आजोबांच्या काळातलं होतं. उल्झाननं तिचा हॉर्न वाजवला, तो म्हाताऱ्या गाढवासारखा ओरडला, आणि तेवढ्यावरून तिला तीही आवडली. पोरीला सगळंच आवडत होतं. मला काहीच आवडत नव्हतं. असं आमचं छान चाललं होतं.

तेवढ्यात सेइलखान आला. त्याचा ठिय्या तिथेच, मैदानाच्या वरच्या अंगाला. कातडी जाकीट, बोटात अंगठी, केसांना तेल.

"ताई, तू माझ्याकडे न येता इथे भटकतेस? लोक काय म्हणतील मला?"

"तुझ्या गाड्या महाग असतात रे."

"लोकांना महाग. तू लोक आहेस का? चल गं भाचे, मामानं तुझ्यासाठी काय ठेवलंय बघ."

आणि त्यानं लाल गाडी दाखवली. छोटीशी, गोल दिव्यांची, पुढून बघितलं तर खरंच हसते आहे असं वाटावं. आतल्या खुर्च्या स्वच्छ, इंजिन मांजरासारखं गुरगुरणारं, गिअर लोण्यात सुरी जावी तसे. उल्झान चक्क टाळ्या वाजवायला लागली.

"तरुण पोरांसाठी हिच्याहून चांगली गाडी या अख्ख्या बाजारात नाही," सेइलखान म्हणाला. "खरं सांगू का ताई, दियाससाठी ठेवणार होतो. पण भाची आधी."

दियास त्याचा मुलगा, उल्झानहून वर्षभरानं लहान. त्याच्यासाठी ठेवलेली गाडी माझ्या मुलीला देतोय म्हटल्यावर माझे डोळे भरून आले. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

त्या बाजारात रंगाची जाडी मोजायचं यंत्र भाड्यानं देणारे लोक फिरत असतात. पत्र्यावर टेकवलं की कुठे पुट्टी भरली आहे, कुठे नवा पत्रा जोडला आहे ते आकड्यावरून कळतं. एक मिशीवाला माझ्यामागे लागला. "बाई, यंत्र लावून बघा. फार पैसे नाही घेत. लावून बघाच."

"चल हो बाजूला," मी म्हटलं. "माझा सख्खा भाऊ आहे तो."

सेइलखान नुसता हसला. आमच्यात भावाच्या गाडीला यंत्र लावणं म्हणजे भावाच्या घरी जेवायला बसून ताटातलं मांस हुंगून बघण्यासारखं. दिवसभर मी बाजारात सगळ्यांचं मांस हुंगते, पण भावाच्या ताटाला मी नाक लावत नाही. त्याला हे पक्कं ठाऊक होतं. मिशीवाला पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेला आणि मी पैसे मोजून दिले.

दुइसेन काकांना घरी बोलावून आशीर्वाद घेतला. ते आमच्या वडिलांचे धाकटे भाऊ, आता घराण्यात सगळ्यांत मोठे. त्यांनी दोन्ही तळवे वर धरून बाता दिली, म्हणजे आमचा आशीर्वाद, सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. बायकांनी टपावर टॉफ्या उधळल्या. उल्झाननं गाडीचं नाव चेरी ठेवलं आणि मला सगळ्या गल्लीतून फिरवून आणलं. इतकी खूष मी तिला लहानपणानंतर पाहिली नव्हती.

वसंतभर गाडी चालली. मग एका दुपारी ठेल्यावर तिचा फोन आला. आवाज अगदी हळू.

"आई, मला पायाखाली रस्ता दिसतोय."

रेल्वेच्या फाटकावर गाडी दणकली, कडाड्कन आवाज झाला, आणि पुढच्या खुर्चीखाली गाडीच्या तळाला फट पडली. मागचं दार आपोआप उघडलं. ती हायवेवरून नुकतीच वळली होती म्हणून वेग कमी होता. मी एप्रन न सोडताच धावले. तिथवर कशी पोचले ते मला आठवत नाही.

आमच्या वस्तीत किम नावाचा मेकॅनिक आहे. त्याच्या ट्रकवर गाडी चढवून गॅरेजात आणली. त्यानं आतली चटई फाडून काढली आणि मला खाली वाकवलं. गाडीच्या पोटाला आडवा, या कडेपासून त्या कडेपर्यंत, वेल्डिंगचा जाड डाग. वरून डांबर फासलेलं.

"ही एक गाडी नाही," किम म्हणाला. "दोन आहेत. एकीची पुढून वाट लागली, दुसरीची मागून. चांगलं होतं तेवढं कापून शिवलंय. जोरात कुठे धडकली असती, तर पुढचं अर्धं कास्केलेनला गेलं असतं आणि मागचं इथे राहिलं असतं."

"आणि माझी मुलगी?"

"ती कुठल्या अर्ध्यात बसते त्यावर," तो म्हणाला, आणि मग माझा चेहरा बघून पुन्हा गाडीखाली वाकला.

उल्झान मात्र रडली नाही की काही नाही. किमच्या मागे मागे फिरून विचारत बसली, हा कप्पा कसला, हा फ्यूज कशाचा. तोही सांगत बसला, हा हॉर्नचा, हा दिव्यांचा, हा पेट्रोल चढवणाऱ्या पंपाचा. तिला काही समजून घ्यायचं असलं की ती हातापायांनी समजून घेते. मी मेली तिथे स्टुलावर बसून दात-ओठ खात होते.

मी तशीच सेइलखानकडे गेले. तो ठिय्यावर चहा पीत होता. मी सगळं सांगितलं. तो भुवया उंचावून ऐकत राहिला, मग म्हणाला, "ताई, मी दिली तेव्हा गाडी सबंध होती. पोरीनं कुठेतरी ठोकली असणार. नवी शिकलेली आहे. तुला सांगायला घाबरली असेल बिचारी."

"जोड जुना आहे सेइलखान. वर डांबर आहे."

"त्या किमचं ऐकून सख्ख्या भावावर आळ घेतेस?"

आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. पण तो हळू, समजावणीच्या सुरात बोलत होता, शेजारचे दुकानदार ऐकत होते, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मामानं आमचा मामा केला होता आणि वर सहानुभूती दाखवत होता.

तेवढ्यावर थांबता तर मी शिव्या घालून गप्प बसले असते. पण त्यानं सगळ्या नातलगांत पसरवलं. उल्झाननं गाडी ठोकली, आई आता पैसे परत मागते. बायकोनं, रौशननं, त्यात तिखटमीठ घातलं, फोनवर खेळत होती म्हणे. कुणाकडे जेवायला गेलं की बायका उल्झानच्या पाठीवरून हात फिरवून म्हणायच्या, जाऊ दे हो, सगळ्यांच्या हातून होतं. तेलाच्या विहिरीपर्यंत बातमी गेली. एर्दोसचा फोन आला, "ती माझी एकुलती एक आहे. यापुढे स्टीअरिंगला हात लावायचा नाही." मी कितीही सांगितलं तरी त्याचं एकच, सेइलखान कशाला खोटं बोलेल, तो मामा आहे तिचा.

पोरगी पुन्हा बसच्या थांब्यावर उभी राहायला लागली. एकदा म्हणाली, "मला पैसे नकोत, गाडीही नको. पण ज्यांच्यासमोर तो बोलला, त्यांच्यासमोर त्यानं एकदा म्हणावं की मी ठोकली नाही."

"म्हणेल," मी म्हटलं. "त्याच्याच तोंडून वदवते."

पोलिसांत जाणं शक्य नव्हतं. सख्ख्या भावाला पोलिसांत दिलं असतं तर लोक माझ्याच दारात थुंकले असते. पण आमचेही आमचे कायदे आहेत. बहिणीच्या मुलाला आम्ही जियेन म्हणतो. जियेननं मामाच्या घरी जाऊन एखादी वस्तू मागितली तर मामाला नाही म्हणता येत नाही. घोडा मागो, कुत्रा मागो, भिंतीवरचा गालिचा मागो. आयुष्यात तीन वेळा हा हक्क. जियेनला रिकाम्या हातानं पाठवलं तर घराची बरकत जाते असं म्हातारे सांगतात, आणि जुन्या गाड्या विकणारा माणूस बरकतीला फार भितो. उल्झाननं आजवर काहीच मागितलं नव्हतं.

उन्हाळ्यात सेइलखाननं मोठं जेवण ठेवलं. एकोणपन्नासावं वर्ष आमच्यात अवघड मानतात, ते सुखरूप पार पडलं की माणूस लोकांना जेवू घालतो. त्याच जेवणात तो दियासला गाडी देणार असंही कळलं. मी त्याला फोन केला.

"सेइलखान, झालं ते झालं. पोरीची चूक होती. गाडी धुऊनपुसून आणते, सगळ्यांना दिसू दे आपल्यात काही नाही."

"मला माहीत होतं ताई, तू समजूतदार आहेस," तो म्हणाला. त्याच्या आवाजातला तो गोडवा मी नीट जपून ठेवला. पुढे कामाला येणार होता.

किमनं गाडीचं मागचं दार आतून तारेनं आवळलं, चटई पुन्हा अंथरली. पाहुणे यायच्या आत ती ट्रकवरून नेऊन सेइलखानच्या फाटकाबाहेर उतरवली. चाकांवर मी तिला गल्लीभरसुद्धा चालवू दिली नाही. वेडी आहे का मी? उल्झानला मी फक्त एवढंच सांगितलं होतं की काय मागायचं आणि कसं मागायचं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि मामा गप्पच राहिले तर?"

"नाही राहणार."

"आणि राहिलेच तर?"

"तू शुभ बोल गं जरा."

अंगणात मोठा मांडव होता. लांब टेबलं, बाउरसाकच्या तळलेल्या गोळ्यांचे ढीग, कुमिसचे, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे बुधले, आणि मध्ये माझी काझी. हो, मीच पाठवली होती, सगळ्यांत चांगली. सूड घ्यायला जाताना रिकाम्या हातानं जाऊ नये. सेइलखाननं सोनेरी नक्षीचा मखमली झगा घातला होता. दुइसेन काकांसमोर मेंढ्याचं डोकं ठेवलं, त्यांनी कान कापून मुलांना वाटला. जेवण रंगात आलं तेव्हा उल्झान उठली. "गाडीच्या काचा लावल्यात का बघून येते," म्हणाली, आणि थोड्या वेळानं येऊन बसली.

मग सेइलखान उभा राहिला. बरंच बोलला, देवाबद्दल, कष्टाबद्दल, स्वतःबद्दल. शेवटी फाटकातून एक मोठी पांढरी गाडी आत आणली, बोनेटवर निळी फीत. "माझ्या मुलासाठी! तीन मेकॅनिकांकडून तपासून घेतली आहे. यंत्र लावून इंच न् इंच मोजलाय. पोराच्या जिवाचा प्रश्न आहे."

माझ्या शेजारी उल्झान बसली होती. हे वाक्य तिच्याही कानात शिरलं. ती उठली.

"मामा," ती म्हणाली, "मी तुमची जियेन. आजवर मी या घरातून काही मागितलं नाही. आज मागते. ही पांढरी गाडी मला द्या."

आधी सावरली ती रौशन. "मुलीला कसला आलाय जियेनचा हक्क? तो मुलांचा असतो."

सगळे दुइसेन काकांकडे बघायला लागले. त्यांनी सावकाश सुरी पुसली. "जियेन म्हणजे बहिणीचं लेकरू. त्याला पुढे दाढी येणार की वेणी, हे विचारायची पद्धत मी तरी ऐकली नाही. मागितलंय, द्यायचं की नाही ते सेइलखान ठरवेल."

भाऊ माझा नाटकी आहे. चेहऱ्यावरचा रंग उडाला होता तरी त्यानं छाती फुगवली. "दिली! मामा कशाला म्हणतात मग?" लोकांनी वाहवा केली. त्याला वाटलं, एवढ्यावर सुटलो. दियास बिचारा ओठ काढून उभा होता.

"आणि दियासनं रिकाम्या हातानं राहायचं नाही," उल्झान म्हणाली. "माझी लाल गाडी त्याला. मामांनी स्वतः निवडलेली. तरुण पोरांसाठी हिच्याहून चांगली गाडी बाजारात नाही, असं तेच म्हणाले होते. त्याच्यासाठीच ठेवली होती ना मामा?"

तिनं किल्ली टाकली, दियासनं हवेतच झेलली. त्याला लाल गाडी आधीपासून आवडायची, मला माहीत होतं. "खरंच, ताई?" म्हणत त्यानं तिला मिठी मारली आणि मित्रांना हाका मारल्या. दोघे-तिघे टेबलांवरून उड्या मारत धावले.

"थांब," सेइलखान म्हणाला. "जेवण होऊ दे. उद्या बघू."

"जाऊ दे की रे," मी म्हटलं. त्यानं मला फोनवर ऐकवला होता तोच गोडवा मी काढला. "पोराचा आनंद आहे. दियास, हायवेवर ने रे, तिथे कशी पळते बघ."

त्यानं माझ्याकडे बघितलं. तेव्हा त्याला कळलं. मी काझीचा तुकडा तोंडात टाकला आणि चावत राहिले. मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. त्याला बोलायचं होतं आणि बोलता येत नव्हतं. बोलला तर चारचौघांत मेला, न बोलला तर मुलगा चाललाय. बैस आता, म्हटलं, बैस माझ्या जागी.

फाटकाबाहेर दारं लागल्याचा आवाज आला. पोरांचा दंगा. मग किल्ली फिरली. इंजिन घरघरलं आणि सुरू झालं नाही. सेइलखाननं झग्याची बाही मुठीत धरली. पुन्हा किल्ली, पुन्हा घरघर. कुणीतरी ओरडलं, धक्का देऊ का. तिसऱ्यांदा घरघर सुरू झाली तसा तो उठला. मटणाचं ताट उलटलं, झग्यात पाय अडकला, तसाच पडत-उठत फाटकाकडे धावला आणि बोनेटवर दोन्ही हात टेकून उभा राहिला.

"उतर! दियास, उतर खाली! दोन गाड्यांची जोडलेली आहे ती. मधून तुटेल. उतर म्हणतो ना!"

मांडवातले सगळे त्याच्यामागे बाहेर आले होते. सगळ्यांनी ऐकलं. ज्यांनी उल्झानच्या पाठीवरून हात फिरवले होते त्यांनीही ऐकलं.

दुइसेन काका काठी टेकत सगळ्यांत शेवटी आले. "पुन्हा बोल," ते म्हणाले.

सेइलखान झग्यावरची धूळ झटकायला लागला.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"घेतली तेव्हापासून," तो पुटपुटला. "काका, माझे पैसे अडकले होते. मला वाटलं, ती गावातल्या गावातच चालवील."

"म्हणजे मुलीनं ठोकली नव्हती."

"नाही."

उल्झाननं हे ऐकलं आणि मान खाली घातली. मला वाटलं होतं ती हसेल. दियास गाडीतून उतरून बापाकडे बघत उभा होता, आणि त्या पोराचा चेहरा बघवत नव्हता.

काका मांडवात परतले, पण बसले नाहीत. आमच्यात वडीलधाऱ्यानं बाता दिल्याशिवाय जेवणावरून कुणी उठत नाही. काकांनी टोपी घातली, तळवे वर केलेच नाहीत आणि चालू लागले. एकामागून एक सगळे उठले. भरलेली ताटं तशीच राहिली. आशीर्वादाशिवाय मोडलेलं जेवण आमच्या घराण्यात कुणी पाहिलं नव्हतं. सेइलखान रिकाम्या मांडवात एकटा बसला होता, आणि मी त्याच्याजवळून मुद्दाम सावकाश गेले.

निघता निघता मी एर्दोसला फोन लावून, जे घडलं ते शेजारी उभ्या असलेल्या चुलतभावाच्या तोंडून त्याला ऐकवलं. मग तो म्हणाला, "उल्झानला सांग, सावकाश चालव म्हणावं."

ऊन उतरताना आम्ही पांढऱ्या गाडीतून घरी निघालो. उल्झान चालवत होती. मी तर हवेत होते. त्याचं धावणं, झग्यात अडकणं, रौशनचं तोंड, सगळं मी पुन्हा पुन्हा सांगत होते.

"आणि नेमकी तेव्हाच मेली सुरू होईना," मी म्हटलं. "आणखी जरा ताणलं असतं ना, तर त्याला रडताना बघितलं असतं."

उल्झाननं खिशात हात घातला आणि काहीतरी माझ्या मांडीवर ठेवलं. नखाएवढा, प्लास्टिकचा. फ्यूज होता. पेट्रोलच्या पंपाचा.

"काचा बघायला गेले तेव्हा काढला," ती म्हणाली.

आधी रागच आला, माझ्या रंगात आलेल्या गोष्टीला टाचणी लावल्यासारखा. "अगं, तो फाटकाबाहेर गेलाच नसता. मामा थांबवणारच होता. आणि गेलाच असता तर फार तर वळणापर्यंत."

ती रस्त्याकडे बघत होती. आवाज चढलेला नव्हता.

"मामांनाही असंच वाटलं होतं, आई. मी गावातल्या गावातच चालवीन."

सेइलखानचा ठिय्या आता बंद पडत आला आहे. त्याच्याकडे येणारं गिऱ्हाईक आधी यंत्र लावतं आणि मग नमस्कार करतं, असं ऐकते, आणि ऐकून मला अजूनही बरं वाटतं. मी त्याला माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण तेव्हा गाडीत मी फ्यूज मुठीत धरून बसले होते. पुढे हायवे लागला, तिनं वेग कमी केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पट्टा लाव."